बर्फ करडा का येतो?
(हिमवनातल्या छायाचित्रणाचा एक छोटासा पाठ)

दर वर्षी जानेवारी उजाडला की आपल्या हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून बर्फाचे फोटो फिरू लागतात. सबमिशन, ओरल, पेपर सगळं एकदाचं आटोपलं की पोरं वेटिंगचं तिकीट काढून दिल्लीमार्गे डेहराडून गाठतात. तिथून सुमारे दोनशे किलोमीटर घाटरस्त्याने उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांक्री गाव, आणि मग चार-पाच दिवसांत केदारकंठा. शिखराची उंची ३,८१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून जास्त. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलेला असतो, पहिल्यांदा देवदाराच्या जंगलात गुडघाभर पांढऱ्यातून चाललेलं असतं. घरी दाखवायला पाचशे-सहाशे फोटो असतात. आणि फोटो उघडले की रूम पार्टनर विचारतो, "हा बर्फ आहे, की सिमेंटचं पोतं फुटलंय?"

मंडळी, यात कॅमेऱ्याच्या किमतीचा काही संबंध नाही. दहा हजारांच्या मोबाइलमध्ये बर्फ करडा येतो आणि लाखभराच्या कॅमेऱ्यातही येतो. कॅमेरा बिघडलेलाही नसतो. तो त्याला शिकवलेलं काम इमानदारीने करत असतो. झोल आहे तो त्याच्या पोटातल्या एका गृहीतकात. ते गृहीतक बर्फात लागू पडत नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं. या वाटेवर मी दोन हिवाळे चाललो आहे, दोन्ही वेळा डिसेंबरच्या शेवटी. त्यातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो.

१) मीटरचा फंडा

कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक, म्हणजे मीटर, समोरच्या वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. पण समोर काय आहे हे त्याला मुळात ठाऊक नसतं. काळी म्हैस भर उन्हात उभी आहे, की पांढरी गाय सावलीत, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. मग त्याने एक आधार धरला आहे: जगाची सरासरी ही मध्यम करडी असते. छायाचित्रणाच्या पुस्तकांत यासाठी साधारण १८ टक्के परावर्तन हा आकडा दिलेला असतो. समोर काहीही असो, मीटर त्याची सरासरी या करड्या रंगावर आणून बसवतो.

उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं देतो. समजा, एखाद्या परीक्षकाने ठरवून टाकलं की कुठल्याही वर्गाची सरासरी पन्नासच असते. मग हुशार वर्गाचे गुण तो खाली ओढणार आणि आमच्यासारख्या वर्गाचे वर ढकलणार. सर्वसाधारण वर्ग असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. गवत, रस्ता, इमारती, माणसं यांची सरासरी बहुतेक वेळा करड्याच्या आसपास असते, त्यामुळे कॉलेजच्या आवारात मीटरचं ठीक चालतं. बर्फ हा मात्र हुशार वर्ग. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतो. मीटर म्हणतो, इतके गुण शक्यच नाहीत, आणि कात्री लावतो.

कात्री किती लागते याचं गणित सोपं आहे. ९० भागिले १८ म्हणजे ५. कॅमेऱ्यात प्रकाश 'स्टॉप'मध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून दोनच्या पायावर पाचचा लॉग काढायचा. उत्तर येतं सुमारे २.३. म्हणजे पूर्ण चौकट बर्फाने भरलेली असेल तर मीटर तब्बल सव्वादोन स्टॉप कमी प्रकाश घेतो. तुमच्या फोटोतलं सिमेंट ते हेच.

उपाय कॅमेऱ्यावरच असतो. 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' नावाचं अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा आणि अधिककडे न्या. मोबाइलवर पडद्यावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह किंवा छोटी पट्टी दिसते, ती वर सरकवा. सुरुवात +१ पासून करा आणि चौकटीत बर्फच बर्फ असेल तर +२ पर्यंत जा. पूर्ण २.३ सहसा द्यावं लागत नाही, कारण चौकटीत काही झाडं असतात, आकाश असतं. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरची रवाळ नक्षी राखायची असेल तर थोडी जागा शिल्लक ठेवावी लागते. अति केलं की बर्फ कोऱ्या कागदासारखा सपाट होतो, आणि उडालेला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

हे काही आजचं शहाणपण नाही. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास 'झोन सिस्टिम' मांडली. काळ्या कुळकुळीतपासून पांढऱ्या शुभ्रापर्यंत छटांना शून्य ते दहा क्रमांक दिले. मधला करडा म्हणजे पाच. तिरप्या उन्हातला बर्फ सातव्या घरात बसतो आणि पोत दिसणारा पांढरा बर्फ आठव्यात. एक घर म्हणजे एक स्टॉप. मीटर बर्फाला पाचव्या घरात ढकलतो आणि आपण त्याला उचलून सातव्यात ठेवायचा. म्हणजे +२. गणित तेच, नाव वेगळं.

फिल्मच्या जमान्यातला आणखी एक नियम इथे पडताळा म्हणून वापरता येतो. स्वच्छ ऊन असेल तर छिद्र एफ/१६ आणि शटर 'एक भागिले आयएसओ' ठेवावं. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. बर्फावर किंवा वाळूवर छिद्र एक घर लहान, एफ/२२. हा नियम वस्तूवरून परत आलेला प्रकाश न बघता सूर्याकडून पडणारा प्रकाश बघतो, त्यामुळे पांढऱ्या-काळ्याने तो फसत नाही. आता तुलना करा. एफ/२२ आणि १/१०० म्हणजेच एफ/१६ आणि १/२००. मीटर मात्र नुसत्या बर्फावर रोखला तर एफ/१६ ला १/५०० च्या आसपास सांगेल. फरक साधारण सव्वा स्टॉप. दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी +१ ते +२ हाच पट्टा सापडतो.

२) गच्चीवरचा प्रयोग

हे पटवून घ्यायला सांक्रीला जायची गरज नाही. जर्नलमध्ये लिहितो तसंच लिहितो.

उद्देश: प्रकाशमापकाचं गृहीतक तपासणे.

साहित्य: हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर (धुतलेली असावी, ही अट महत्त्वाची), एक काळी छत्री, कोणताही कॅमेरा किंवा मोबाइल.

कृती: दोन्ही वस्तू एकाच उन्हात ठेवा. आधी फक्त चादरीने चौकट पूर्ण भरून फोटो घ्या. मग फक्त छत्रीने चौकट भरून घ्या. दोन्ही वेळा सेटिंग ऑटो. त्यानंतर चादरीचा फोटो +१ आणि +२ ला, छत्रीचा −१ आणि −२ ला घ्या.

निरीक्षण: ऑटोमध्ये चादर मळकट करडी येते आणि छत्रीही उडालेल्या रंगाची करडी येते. चादर +१ ते +२ च्या दरम्यान चादरीसारखी दिसते आणि छत्री −१ ते −२ च्या दरम्यान छत्रीसारखी. हल्लीचे फोन दृश्य ओळखून थोडी दुरुस्ती आपणहून करतात, त्यामुळे फरक कमी-जास्त दिसेल, पण चौकट एकाच रंगाने भरली की तो दिसतोच.

निष्कर्ष: पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकताना उलटं वाटतं. 'इतकं लख्ख आहे, आणखी प्रकाश कशाला?' असं प्रत्येक जण विचारतो. म्हणूनच प्रयोग हाताने करावा.

याच वेळी हिस्टोग्राम पाहायची सवय लावा. तो आलेख डावीकडे काळा आणि उजवीकडे पांढरा अशा क्रमाने पिक्सेल मोजतो. बर्फाच्या फोटोत मोठा उंचवटा मध्यावर दिसला तर बर्फ करडा झाला आहे असं समजा. तो उजवीकडे हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. डोंगरावर याचा उपयोग जास्त, कारण तिथे तुम्ही काळा गॉगल लावून असता आणि पडद्यावरचा फोटो पाहून काहीच अंदाज येत नाही. गॉगल काढून फोटो तपासत बसू नका. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे सुजतात आणि काही तास दिसेनासंही होऊ शकतं. आलेख मात्र गॉगलमधूनही वाचता येतो.

३) सावल्या निळ्या का?

बर्फ पांढरा केला तरी दुसरी तक्रार येते: "सावलीतला बर्फ निळा आलाय." हा कॅमेऱ्याचा दोष नाही. तो बर्फ खरोखरच निळा असतो.

आधी बर्फ पांढरा का ते पाहू. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो आणि त्याचीच पिठीसाखर केली की पांढरी होते. बर्फाचा स्फटिकही काचेसारखा पारदर्शकच असतो. पण भुसभुशीत थरात बर्फ आणि हवा यांच्या असंख्य सीमा असतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो, आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखरून बाहेर येतात. म्हणून पांढरा. याचाच अर्थ असा की बर्फाला स्वतःचा रंग नसतो. ज्या रंगाचा प्रकाश द्याल तो रंग तो घेतो.

आता देवदाराच्या सावलीत सूर्य थेट पोहोचत नाही. तिथे प्रकाश येतो तो वरच्या निळ्या आकाशातून. आकाश निळं का, हे पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये होऊन गेलं आहे: रॅलेच्या नियमाप्रमाणे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं. लाल ६५० नॅनोमीटर आणि निळा ४५० धरला तर निळा सुमारे चौपट जास्त विखुरतो. तो निळा प्रकाश झाडाखालच्या बर्फावर पडतो आणि बर्फ निळा होतो. आपला मेंदू 'बर्फ पांढरा' हे ठरवूनच बसलेला असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. कॅमेरा खरं तेच सांगतो.

मग दुरुस्ती करायची की नाही? व्हाइट बॅलन्स 'शेड'वर ठेवला की फोटोत पिवळेपणा वाढतो आणि निळेपणा जातो. माझं मत असं की सगळा निळा काढू नये. उन्हाचा तुकडा किंचित सोनेरी आणि सावली किंचित निळी, हीच थंडीची खूण आहे. ती पुसली तर फोटोत मिठागर दिसतं. ज्यांना जमेल त्यांनी 'रॉ' स्वरूपात फोटो घ्यावेत, म्हणजे हा निर्णय रूमवर येऊन चहा पिता पिता घेता येतो.

४) झाडी, ऊन आणि ढग

सांक्री साधारण १,९५० मीटरवर आहे. तिथून पहिल्या दिवशीचा मुक्काम जुडा का तालाब, सुमारे २,८०० मीटर. वाट जवळजवळ सगळी जंगलातून जाते: देवदार, चीड, हिवाळ्यातही पानं राखणारे हिमालयी ओक. हा सगळा भाग गोविंद पशुविहार अभयारण्याच्या हद्दीत येतो. पुढे कड्यावर गेलं की स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ दिसतात आणि सगळे मोबाइल बाहेर निघतात. पण शिकायला खरी मजा खालच्या जंगलात आहे, कारण तिथे वेळ असतो, दम लागलेला नसतो आणि वाऱ्यापासून आडोसा असतो.

छायाचित्रणाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की भर दुपारी फोटो काढू नका, ऊन डोक्यावर असतं. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही. अक्षांश ३१ आणि सूर्य दक्षिणेला साडेतेवीसच्या जवळ. ९० मधून दोन्ही वजा करा, भर दुपारी सूर्याची उंची जेमतेम ३५-३६ अंश उरते. पुण्यात त्याच दिवशी ती ४८ च्या आसपास असते. म्हणजे तीस मीटर उंच देवदाराची सावली भर दुपारीही चाळीस मीटर लांब. असं तिरपं ऊन बर्फावरून घासत जातं आणि त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक चढउतार उठून दिसतो. सूर्य पाठीशी घेऊ नका, बाजूला घ्या. पाठीशी घेतला तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि बर्फ पुन्हा सपाट.

दाट झाडीत मात्र ऊन त्रास देतं. बर्फावर उन्हाचे कवडसे आणि शेजारी काळे ओले बुंधे, हा फरक कुठलाच कॅमेरा नीट पेलत नाही. तिथे ढगाळ हवा बरी. ढग असले की सगळीकडे मऊ, एकसारखा उजेड असतो आणि बुंध्यांच्या उभ्या काळ्या रेषा पांढऱ्यावर पेनने ओढल्यासारख्या दिसतात. थोडक्यात, ऊन असेल तर मोकळवनात बर्फाचा पोत शोधा आणि ढग असतील तर जंगलात शिरून रेषा शोधा. मोबाइलचं किंवा कॅमेऱ्याचं फोकस नुसत्या बर्फावर अडखळतं, कारण त्याला पकडायला कड लागते. बुंध्याच्या कडेवर बोट टेकवा, लगेच जुळतं.

आणि एक साधा नियम: आधी फोटो, मग पाऊल. कोरा बर्फ एकदा तुडवला की परत कोरा होत नाही. रात्री कोल्हा गेला असेल तर त्याच्या पावलांची एका ओळीत टाचलेली रांग सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते. बाजूला पक्ष्यांच्या बोटांची नक्षी असते. आमचा चौदा जणांचा घोळका 'ते बघ, ते बघ' करत त्यावरून गेला की उरतो तो बुटांचा चिखल. फोटो काढणाऱ्याने पुढे चालावं, पण गाइडच्या मागे. त्याने आखलेली वाट सोडून चांगल्या कोनासाठी बाजूला उतरू नये. बर्फाखाली खड्डा आहे, दगड आहे की झरा, हे वरून कळत नाही. तलावावर बर्फाचा थर जमलेला दिसला तरी त्यावर पाय ठेवू नये. तो किती जाड आहे हे फोटोत दिसत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही.

५) पडणारा बर्फ

बर्फ पडायला लागला की सगळ्यांना तो फोटोत हवा असतो. इथे शटरचं गणित कामी येतं. भुरभुर पडणारा पुंजका साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली येतो. शटर १/५०० असेल तर तेवढ्या वेळात तो दोन मिलिमीटर सरकतो, म्हणजे ठिपका उमटतो. १/६० ला पावणेदोन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे रेघ उमटते. ठिपका हवा की रेघ, ते आधी ठरवा. मागे गडद झाडी ठेवा. पांढऱ्या आकाशावर पांढरा बर्फ दिसत नाही. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर भिंगाजवळचे पुंजके मोठमोठ्या पांढऱ्या चकत्या होऊन सगळा फोटो झाकतात.

पांढऱ्यामागे गडद ठेवण्याची ही युक्ती फार जुनी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचं आपलं पहिलं छायाचित्र घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा. पुढे आयुष्यभरात त्याने पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. पांढरा स्फटिक पांढऱ्यावर उठून दिसेना, म्हणून तो निगेटिव्हच्या नकलेवर स्फटिकाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढायचा. मग छापताना पार्श्वभूमी काळी यायची. आणि हे सगळं शेकोटी नसलेल्या गार खोलीत, श्वास रोखून. स्फटिक श्वासानेही विरघळतो.

६) माणसाचा चेहरा

आता सगळ्यात महत्त्वाचं. बर्फ करडा आला तर फार तर फोटो वाया गेला. पण त्याच फोटोत माणूस उभा असेल तर त्याचं काय होतं? मीटर बर्फाला नव्वदवरून अठरावर आणतो तेव्हा त्याच कात्रीने चेहराही सव्वादोन स्टॉप खाली जातो. आपले चेहरे सावळे, वर टोपीची सावली. उरतो तो काळा ठिपका.

दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर होता तो गाइड त्याच खोऱ्यातला, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. आम्ही त्याला भैया म्हणायचो. तालाबच्या मुक्कामावर चुलीपाशी बसलो असताना तो म्हणाला, "फोटो तो सब लेते हैं भैया, भेजता कोई नहीं." मग त्याने मोबाइलवर आलेले दोन-तीन जुने फोटो दाखवले, कुणीतरी पाठवलेले. पांढरं शिखर, रंगीबेरंगी जॅकेटं आणि कडेला एक काळी आकृती. "माँ पूछती है, इसमें तू कौन सा है?" तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो, पण पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्यांच्याबरोबर उभा राहतो आणि फोटोत त्याला चेहराच नसतो.

उपाय कठीण नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे मोजमाप चेहऱ्यावर होऊन तिथेच थांबतं. मग गरजेप्रमाणे पट्टी वर-खाली करा. मागचा बर्फ थोडा जास्त पांढरा झाला तरी चालेल, चेहरा महत्त्वाचा. दुसरं, माणसाला थेट उन्हाकडे तोंड करून उभं करू नका. डोळे बारीक होतात आणि टोपीची सावली नाकापर्यंत येते. त्याला सूर्याकडे थोडी पाठ करून उभं करा. बर्फ म्हणजे जमिनीवर अंथरलेला प्रचंड रिफ्लेक्टर आहे. स्टुडिओवाले त्यासाठी थर्माकोलचे पांढरे पत्रे लावतात, इथे ते फुकट मिळतात. खालून आलेला मऊ उजेड टोपीखालच्या चेहऱ्यावर पडतो आणि डोळ्यांत चमक येते. तिसरं, जवळ जा. चेहऱ्याने चौकट जितकी जास्त भराल तितका बर्फाचा प्रभाव कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडीच्या कडेला भैयाचे आणि सामान वाहणाऱ्या दोघांचे असे फोटो घेतले. परत आल्यावर बारा प्रिंट काढून टपालाने पाठवल्या. प्रिंट आठ रुपयांना एक, अधिक टपालखर्च. वर्गणी काढली तर हॉस्टेलवरच्या वडापावपेक्षाही स्वस्त पडलं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, प्रिंट मिळाल्याचा. आई पहिल्या फोटोतच बरोबर ओळखून गेली, असं तो म्हणाला.

७) बॅटरी, घाम आणि बोटं

बॅटरी: लिथियम-आयन बॅटरीत थंडीने रासायनिक हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. फोन जास्त प्रवाह मागतो, व्होल्टेज खाली कोसळतं आणि ३० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवली की बरीचशी परत येते. रात्री फोन, कॅमेऱ्याची बॅटरी आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. शून्याखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची खराब होऊ शकते. आधी ऊब, मग चार्जिंग.

घाम: फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसंच गार कॅमेरा चूल पेटलेल्या खोलीत नेला की त्याच्यावर आणि आतल्या भिंगांवरही दव धरतं. कारण कॅमेऱ्याचं तापमान खोलीतल्या हवेच्या दवबिंदूखाली असतं. आत शिरण्याआधी, बाहेरच असताना, कॅमेरा पॉलिथिनच्या पिशवीत घालून गाठ मारा. दव पिशवीला धरेल. तास-दोन तासांनी कॅमेरा खोलीइतका उबदार झाला की मगच उघडा. भिंगावर बर्फ पडला तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. मऊ ब्रशने झटका. आणि ती पिशवी परत खाली आणा, जंगल आपल्या मालकीचं नाही.

बोटं: आमच्यातल्या एका मित्राने तालाबच्या काठावर हातमोजे काढून पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ घेतला. नादात कळलं नाही. मग बोटांची टोकं पांढरी पडली आणि चिमटा काढला तरी लागेना. भैयाने ताबडतोब कॅमेरा काढून घेतला आणि त्याचे हात त्याच्याच जॅकेटात, काखेत घालायला लावले. चोळू दिले नाहीत आणि चुलीवरही धरू दिले नाहीत, कारण बधिर बोटाला भाजलेलंही कळत नाही. अर्ध्या तासाने मुंग्या आल्या, बरंच दुखलं, पण निभावलं. तेव्हा आत पातळ मोजे आणि वर जाड मोजे अशी जोडी घ्या. फोटोसाठी फक्त वरचे काढा, आणि मनात साठ आकडे मोजून परत चढवा.

वेळेचंही तसंच. तिथे डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्या कितीतरी आधी जातो. संध्याकाळचा तो गुलाबी उजेड अप्रतिम असतो, पण तो मुक्कामाजवळ पोहोचूनच पाहावा. फोटोसाठी एक जण मागे राहिला की सगळा गट थंडीत उभा राहतो.

८) तात्पर्य

आपण सगळे रोज कसली ना कसली यंत्रं वाचतो: मल्टिमीटर, प्रेशर गेज, लोड सेल. प्रत्येक यंत्राच्या पोटात कोणीतरी एक गृहीतक घालून ठेवलेलं असतं, आणि ज्या परिस्थितीसाठी ते धरलं तिच्याबाहेर गेलं की यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं. लॅबमध्ये हे पाठ करून व्हायव्हात सांगता येतं. बर्फात ते डोळ्यांनी दिसतं. आकडा यंत्राने द्यावा, पण पांढरं कशाला म्हणायचं हे माणसाने ठरवावं. आणि त्या पांढऱ्यात उभा असलेला माणूस दिसला पाहिजे, हेही.

येत्या डिसेंबरात कोणी जाणार असेल तर आधी चादरीचा प्रयोग करा. अडलं तर आमच्या रूमवर या, हिस्टोग्राम दाखवतो. चहा मात्र तुमच्याकडून. आणि परत आल्यावर प्रिंट काढायला विसरू नका. गाइडचा पत्ता निघण्याआधीच वहीत लिहून घ्या.